डॉक्टर, हे चालेल का? – सफरचंदाच्या एका फ्रेंच धिरड्याची गोष्ट

मधुमेहाच्या पेशंटची तपासणी संपली, कागद लिहून झाला, की दाराशी पोचता पोचता एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, आंबा चालेल का?" "शेवयांची खीर चालेल का, एक वाटी?" "नातवाचा वाढदिवस आहे, केक चालेल का?" तीस वर्षं मी हा प्रश्न ऐकते आहे आणि त्यातली निदान पंचवीस वर्षं मान न उचलताच "नाही" म्हणत आले. तुमच्यापैकी काही जणांनी ते "नाही" ऐकलेलंही असेल.

आज मी तुम्हाला एक पाककृती सांगणार आहे. त्यात मैदा आहे, लोणी आहे, सफरचंद आहे आणि थोडी साखरही आहे. ब्लॉग चुकला की काय असं वाटून घेऊ नका. ही पाककृती माझ्या ऐंशी वर्षांच्या, बावीस वर्षं मधुमेह असलेल्या आईच्या ताटात कशी आली, ते सांगायचं आहे. त्यात माझी एक चूकही आहे. ती आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट कळेल.

आई माझ्या धाकट्या भावाकडे असते, सातारा जिल्ह्यात, आमच्या जुन्या घरी. तिची औषधं मी बघते. घरात डॉक्टर मुलगी म्हटल्यावर दुसऱ्या कोणाकडे कोण जाणार! तिचं एचबीए१सी, म्हणजे मागच्या तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी, त्या वर्षी ६.४ आली होती. मी भलतीच खूश. माझ्या निम्म्या वयाच्या पेशंटनाही हा आकडा जमत नाही, असं मी चारचौघांत सांगत असे. याच काळात आईचं वजन ५४ किलोवरून ४६ वर आलं होतं. बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. ते मला दिसत होतं, पण "वयामुळे होतं" असं मी स्वतःला सांगितलं. दुसऱ्या कुणाची आई असती तर सोडलं नसतं. ऑक्टोबरमध्ये मुलीच्या बाळंतपणासाठी मी फ्रान्सला जायला निघाले. दोन महिने मी नसणार, मागे साखर वाढायला नको, म्हणून जाताना तिची ग्लिमेपिराइडची गोळी थोडी वाढवून गेले. हीच ती चूक.

माझी मुलगी दिजाँला राहते. पॅरिसच्या आग्नेयेला, बुर्गोन्य प्रांतात, मोहरीच्या चटणीसाठी नावाजलेलं शहर आहे. बाळ झालं, सुखरूप झालं. मी डिंकाचे लाडू घेऊन गेले होते, आळीव घेऊन गेले होते, आणि आपल्या पद्धतीनं लेकीला खाऊ घालत होते. खालच्या मजल्यावर एक आजी राहत. वय चौऱ्याऐंशी. ताठ कणा, पायात लोकरी सपाता, कानाला थोडं कमी ऐकू येतं. बाळ बाराव्या दिवसाचं होतं तेव्हा त्या एक लोखंडी तवा, एक कापडी पिशवी आणि कागदात गुंडाळलेलं लोणी घेऊन वर आल्या. लेकीनं मला मराठीत सांगितलं, "आई, त्या म्हणताहेत, बाळंतिणीला क्रापियो द्यायला हवा."

क्रापियो म्हणजे मोर्व्हाँ या डोंगराळ मुलखाचं जाड धिरडं. दिजाँच्या पश्चिमेला हा भाग आहे. जमीन ग्रॅनाइटची, गहू फारसा न देणारी. पीठ, अंडी, दूध एवढंच सामान. पूर्वी ते डुकराच्या खारवलेल्या चरबीत भाजत, कधी तीच चकती आत घालत. सफरचंदं निघाली की सफरचंदाचा क्रापियो. फ्रान्समधलं धिरडं म्हटलं की आपल्याला ब्रिटनीचा तो कागदासारखा पातळ क्रेप आठवतो. हा त्याचा शेतकरी भाऊ. बोटभर जाड, एकच तव्यावर मावेल एवढा, पोळीसारखा कापून वाटायचा. दक्षिणेकडे, लिआँच्या बाजूला आणि साव्वाच्या डोंगरांत असंच जाड धिरडं करतात, त्याला म्हणतात मातफँ. अर्थ सरळ आहे: भुकेला नमवणारं. पोट भरून शेतात जायचं असेल तर असंच काहीतरी लागतं. आपल्याकडे थालीपीठ आहेच की.

पिशवीतली सफरचंदं पाहून मी जरा नाक मुरडलं. खरखरीत, तपकिरी साल, बटाट्यासारखी दिसणारी. बाजारात ठेवली तर आपण हात लावणार नाही. ती रेनेट जातीची. करडं कॅनडा रेनेट असं तिचं नाव, पण फ्रान्समध्ये फार जुनी. आंबटगोड, घट्ट, आणि शिजली तरी फोडींचा पार गाळ होत नाही. म्हणून शिजवायला तिकडे हिलाच मान.

आजींनी पीठ कालवलं आणि वर फडकं टाकून ते बाजूला ठेवलं. एक तास. त्या तासात त्यांनी जे सांगितलं ते मला क्रापियोइतकंच लक्षात राहिलं आहे. त्यांची आजी मोर्व्हाँची दूधआई होती. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला त्या मुलखातल्या बायका बाळंत झाल्या की काही आठवड्यांनी पॅरिसला जात. तिथल्या श्रीमंत घरांतल्या बाळांना अंगावर पाजण्यासाठी. पगार चांगला, खाणं चांगलं, कपडे झोकदार. स्वतःचं बाळ मात्र गावी, आजीजवळ, गाईच्या दुधावर. त्या पैशातून गावात बांधलेल्या घरांना आजही तिकडे दुधाची घरं म्हणतात. मागे राहिलेली बाळं किती जगली, किती नाही, हा वेगळा विषय. उलट बाजूनंही वाहतूक होती. पॅरिसची अनाथ, टाकून दिलेली मुलं मोर्व्हाँच्या शेतकऱ्यांकडे सांभाळायला पाठवत. आलिन्यी नावाच्या गावात या सगळ्याचं संग्रहालय आहे. पैसे देऊन दुसरीकडे ठेवलेल्या दोन वर्षांखालच्या बाळांवर देखरेख हवी, असा कायदा फ्रान्समध्ये १८७४ साली झाला. तो ज्याच्या नावानं ओळखला जातो तो तेओफिल रुसेल स्वतः डॉक्टर होता. हे मला आधी माहीत होतं, परीक्षेपुरतं. पण समोर बसलेली बाई जेव्हा सांगते की "माझी आई त्या मागे राहिलेल्या बाळांपैकी एक होती, क्रापियोच्या पिठाच्या पेजेवर वाढलेली", तेव्हा ते वेगळंच ऐकू येतं.

क्रापियो झाला. त्यांनी मोठा तुकडा माझ्या ताटलीत ठेवला. आणि मी काय केलं? मनातल्या मनात हिशोब. मैदा इतका, साखर इतकी, लोणी इतकं. निम्मा तुकडा लेकीच्या ताटलीत सरकवला. आजींनी पाहिलं, काही बोलल्या नाहीत.

त्याच रात्री दोन वाजता फोन वाजला. आपल्याकडचे साडेपाच. भावजय होती. "ताई, आई उठत नाहीत नीट. अंग घामानं भिजलंय, काहीतरीच बोलताहेत. मला ओळखलं नाही त्यांनी."

या ठिकाणी थोडं थांबून वाचा, कारण हे तुमच्याही घरात होऊ शकतं. मधुमेहाच्या पेशंटला, विशेषतः इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याला, घाम सुटला, थरथर झाली, बोलणं असंबद्ध झालं, माणूस उगाच चिडायला लागला, तर पहिला संशय साखर कमी झाल्याचा. यंत्र असेल तर साखर मोजा. ७० च्या खाली असेल तर ती कमी आहे. यंत्र नसेल तर मोजायच्या नादात वेळ घालवू नका. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर तीन चहाचे चमचे साखर अर्धा पेला पाण्यात विरघळवून द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, तरीही कमी असेल तर पुन्हा तेवढीच द्या. वर आल्यावर दूध-पोळी, बिस्किटं, भात, काहीतरी खायला द्या, नाहीतर साखर परत उतरते. आणि माणूस बेशुद्ध असेल, गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही घालू नका. साखर नाही, पाणी नाही, गुळाचा खडा नाही. ते फुप्फुसात जातं. सरळ दवाखान्यात न्या.

आईची साखर ४६ होती. भावजयीला मी फोनवरूनच साखरपाणी द्यायला सांगितलं. आईनं गिळलं. पंधरा मिनिटांनी ६८, पुन्हा दिलं, मग ९४. फोन चालू ठेवून मी दिजाँच्या स्वयंपाकघरात उभी होते, ओट्यावर तो धुतलेला लोखंडी तवा पालथा पडला होता. त्यानंतर मी त्यांना दवाखान्यात भरती करायला लावलं. कारण या गोळीचा अंमल लांबतो. वयाबरोबर किडन्यांचं काम मंदावतं, औषध अंगात रेंगाळतं, आणि वर आलेली साखर काही तासांनी पुन्हा कोसळू शकते. म्हाताऱ्या माणसात "आता बरं वाटतंय" म्हणून घरी ठेवणं धोक्याचं.

दुसऱ्या दिवशी आईशी बोलले. रात्री काय जेवली होतीस, विचारलं. "अर्धी भाकरी, थोडी भाजी." अर्धीच का? तर म्हणाली, "तूच म्हणालीस ना, वाढायला नको. तू इथं नाहीस, म्हटलं जपून राहावं."

वजन कशानं उतरलं ते मला त्या वाक्यात कळलं. माझ्या प्रत्येक "नाही"ची तिनं यादी केली होती. भात नाही, केळं नाही, बटाटा नाही, साबुदाणा नाही, गूळ नाही. त्यातून उरेल ते ती खात होती, आणि तेही भीत भीत. मी तिला रोज एक सफरचंद सांगितलं होतं. वजन उतरल्यानं तिची कवळी सैल झाली होती, कच्चं सफरचंद चावताच येत नव्हतं. ती ते कामवालीच्या मुलाला देत असे. मला सांगायची हिंमत झाली नाही. कवळी सैल झाल्याचं मी कधी विचारलं नाही, आणि विचारलं नाही तर पेशंट सांगत नाही, हे मला पेशंटच्या बाबतीत पक्कं ठाऊक होतं.

ऐंशीच्या वयात, वीस-बावीस वर्षांच्या मधुमेहात, एचबीए१सी ६.४ हा शाबासकीचा आकडा नाही. साखर कमी करणारी गोळी चालू असताना तो धोक्याचा आकडा आहे. या वयात कडक साखरेचा फायदा मिळायला जितकी वर्षं लागतात तितकी हातात असतातच असं नाही. साखर एकदा कोसळली, माणूस पडला आणि खुबा मोडला, तर नुकसान मात्र त्याच दिवशी. म्हणून वय झालेल्या, इतर आजार असलेल्या, अशक्त माणसात एचबीए१सी ८ च्या आसपास ठेवलं तरी चालतं, असं मधुमेहाची मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात. मी ती वाचली होती. दुसऱ्यांच्या आयांना लावलीही होती. (हे पंचेचाळीशीतल्या, नुकताच मधुमेह निघालेल्या वाचकांनी स्वतःला लावून घेऊ नये. तुमचं गणित वेगळं. तुम्हाला पुढची चाळीस वर्षं डोळे आणि किडन्या वापरायच्या आहेत, तुमची साखर कडकच हवी.)

फोनवरूनच ती गोळी बंद केली, मेटफॉर्मिनही किडनीच्या रिपोर्टप्रमाणे कमी केलं. उरलेले पाच आठवडे मी दिजाँला काढले. लेकीला खाऊ घालत होते, नातीला न्हाऊ घालत होते, आणि मधूनच आजींच्या आजीची आठवण यायची. पुढे दोनदा खाली जाऊन क्रापियो शिकले. या वेळी माझा तुकडा मी पूर्ण खाल्ला.

आता पाककृती. घरी आल्यावर आपल्या सामानात बसवायला मला चार प्रयोग करावे लागले, तुम्हाला तेवढे लागू नयेत.

मैदा सपाट एक कप, म्हणजे साधारण १२५ ग्रॅम. दोन अंडी. दूध एक कपापेक्षा थोडं कमी, २०० ते २२५ मिलिलिटर. चिमूट मीठ. दोन मध्यम सफरचंदं. लोणी २५ ग्रॅम, म्हणजे पाच चहाचे चमचे. आपल्याकडचं पाकिटातलं पिवळं लोणी खारट असतं, ते वापरलं तर पिठात मीठ घालू नका. घरचं पांढरं लोणी असेल तर उत्तमच. साखर दोन चमचे, तिचं पुढे सांगते.

मैद्यात मधे खळगा करा, अंडी त्यात फोडा, आणि चमच्यानं मधूनच ढवळायला सुरुवात करा. कडेचा मैदा आपोआप आत येत जातो. घट्ट झालं की दूध थोडं थोडं. सगळं दूध एकदम ओतलंत तर गुठळ्या होणार, मग मिक्सर काढावा लागतो आणि मिक्सरमधून काढलेलं धिरडं चिवट होतं. पीठ धिरड्याच्या पिठापेक्षा घट्ट आणि भज्यांच्या पिठापेक्षा सैल हवं. मग झाकून तासभर ठेवा. अर्ध्या तासापेक्षा कमी नको. या वेळात मैद्यातला स्टार्च पाणी शोषतो आणि ढवळताना ताणलेलं ग्लुटेन सैलावतं. पहिल्या खेपेला मी घाई केली आणि रबरासारखं काहीतरी झालं. ते आमच्या घरी कोणी खाल्लं नाही, माझ्याशिवाय.

सफरचंदाचा प्रश्न मोठा. रेनेट आपल्याकडे मिळत नाही. सिमल्याचं किंवा काश्मीरचं लालभडक गोड सफरचंद चालतं, पण ते लवकर मऊ पडतं आणि गोडाला आंबटाची साथ नसते. त्यावर अर्ध्या लिंबाचा रस पिळा. हिरवं आंबट सफरचंद मिळालं तर एक हिरवं, एक लाल, ही जोडी मला सगळ्यात आवडली. सालं काढा, चार फोडी करा, बिया काढा, आणि पेन्सिलीएवढ्या जाडीचे काप करा. एरवी मी साल खा म्हणून सांगते, चोथा सालीत असतो. पण कवळीवाल्यांसाठी साल नको.

तवा बिडाचा असेल तर तोच घ्या, वीतभर रुंदीचा, कडा असलेला. निम्मं लोणी मध्यम आचेवर टाका. ते फेसाळतं. तो फेस म्हणजे लोण्यातलं पाणी उडून जातंय. फेस बसला की काप एका थरात लावा. लोणी तपकिरी व्हायच्या आत काप पडायला हवेत, काळं झालं तर पुसून पुन्हा सुरू करा, जळलेल्या लोण्याचा कडवटपणा कशानं झाकत नाही. सहा-सात मिनिटं, मधे एकदा उलटून, कापांना कडेला सोनेरी रंग येईतो. मग आच मंद करा आणि पीठ वरून ओता. हलवू नका. सात-आठ मिनिटांत कडा सुटतात, वरचं पीठ ओलं दिसतं पण वाहत नाही. आता उलटायचं. फ्रान्समध्ये २ फेब्रुवारीला शाँदलर नावाचा सण असतो, त्या दिवशी एका हातात नाणं धरून दुसऱ्या हातानं क्रेप हवेत उडवून झेलतात, झेलला तर वर्षभर पैशाची ददात नाही. क्रापियो उडवायच्या भानगडीत पडू नका, तो जड असतो. तव्यावर ताटली पालथी घाला, हात फडक्यानं धरा, आणि एकदम उलटा. उरलेलं लोणी तव्यात टाकून क्रापियो अलगद परत सरकवा. आणखी चार-पाच मिनिटं. सुरी मधे खुपसून बघा, कोरडी बाहेर आली पाहिजे. अंडं आहे, मधे कच्चं राहता कामा नये, वृद्ध माणसांना तर नकोच.

साखर आजी वरून भुरभुरवतात, आत घालत नाहीत. त्यांचं म्हणणं, आत घातलेली साखर तव्याला चिकटते. ते खरंच आहे, पण आपल्या दृष्टीनं दुसरा फायदा मोठा. वरची साखर थेट जिभेला लागते, त्यामुळे कमी असूनही गोड वाटतं. चार तुकड्यांना दोन चमचे, म्हणजे एका तुकड्याला अर्धा चमचा. पिठातच घालायची म्हटलं तर याच गोडीला दुपटीनं लागली असती.

हिशोब करायचाच तर करूया, आता मला त्याची लाज वाटत नाही. चौथ्या हिश्शाच्या एका तुकड्यात साधारण ३५ ते ४० ग्रॅम कर्बोदकं, आठ ग्रॅम प्रथिनं आणि पावणेतीनशेच्या आसपास कॅलरी. कर्बोदकं म्हणाल तर ज्वारीच्या एका मध्यम भाकरीएवढी किंवा थोडी जास्त. म्हणजे क्रापियो हा भाकरीच्या जागी खायचा, भाकरीनंतर नाही. सगळा गोंधळ इथंच होतो. आपण गोड पदार्थ जेवण झाल्यावर खातो, पोट भरल्यावर, वरची भर म्हणून. सकाळी नाश्त्याला पोह्यांच्या जागी हा एक तुकडा आणि साय काढलेलं दूध किंवा ताक, एवढं घेतलं तर दिवसाच्या हिशोबात फार काही बिघडत नाही. अंडं, दूध आणि लोणी यांच्यामुळे अन्न पोटातून सावकाश पुढे सरकतं, साखर एकदम उसळी मारत नाही. पण वाढते, नक्की वाढते. "फ्रेंच बायका लोणी खाऊन सडपातळ" वगैरे वाचून त्याला औषध समजू नका.

मैद्याऐवजी कणीक चालेल का? निम्मी चालते. दूध दोन-तीन चमचे जास्त लागतं आणि धिरडं जरा दडस होतं. पूर्ण कणकेचं मी करून पाहिलं, ते पौष्टिक आहे याची दर घासाला आठवण होत राहते. अंड्याशिवाय? अंड्याशिवाय क्रापियो होत नाही. अंडं चालत नसेल तर आपलं काकडीचं धिरडं करा, त्याला फ्रान्सची गरज नाही.

आईला अंडं चालतं, सोमवार-गुरुवार सोडून. मी परत आल्यावर पहिल्या रविवारी भावाच्या घरी केला. ती स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसून बघत होती. लोण्यात सफरचंदाचा वास सुटला तेव्हा म्हणाली, "हे कुणासाठी चाललंय?" तुझ्यासाठी, म्हटलं. "मला चालेल?"

माझ्या पेशंटचा प्रश्न, त्याच सुरात.

मी आधी तिची साखर मोजली, १२८. तुकडा दिला. कवळीनं चावायला तिला त्रास झाला नाही, सफरचंद जिभेनंच दाबलं जात होतं. अर्ध्यावर आल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं, बाकीचं ठेवू का, असं. मी मान हलवली, खा. तिनं सगळा संपवला आणि ताटलीला लागलेली साखर बोटानं पुसून खाल्ली. दोन तासांनी १८६. ऐंशीच्या वयाला हा आकडा मला मंजूर आहे. तुम्हाला किती मंजूर असावा ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, आणि नवा पदार्थ खाल्ल्यावर असं आधी आणि दोन तासांनी मोजा. दोन पट्ट्यांचा खर्च होतो, पण "चालेल का"चं उत्तर तुमच्याच रक्तातून मिळतं. त्यापेक्षा खात्रीचं मीही देऊ शकत नाही.

आता तिचं वजन ५० आहे. एचबीए१सी मागच्या महिन्यात ७.८ आलं. कवळी नवी बसवली. गोळ्या कमी झाल्यापासून साखर एकदाही ९० च्या खाली गेलेली नाही. भात रोज एक मूद खाते. क्रापियो महिन्यातून दोनदा, आणि तो करायचं काम आता भावजयीनं घेतलं आहे. माझ्यापेक्षा तिचा चांगला उलटतो.

घरात कोणी वय झालेलं मधुमेही असेल तर एवढं बघाल का? मागच्या वर्षीचे कपडे सैल झालेत का. दात किंवा कवळी दुखते का. ताटात काय वाढलं जातं ते तुम्हाला माहीत असतं, पोटात किती जातं ते एकदा शेजारी बसून बघा. आणि रात्रीचं जेवण कमी झालं की गोळीचं काय करायचं, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. पेशंटनं हे मला विचारलं की पूर्वी मी म्हणायची, "जेवण चुकवूच नका." ते काही उत्तर नव्हे.

आई त्याला सफरचंदाचं धिरडं म्हणते, क्रापियो तिच्या तोंडी बसत नाही. परवा व्हिडिओ कॉलवर नात, पणती आणि योगायोगानं खालच्या मजल्यावरच्या आजी, तिघी एकदम दिसल्या. आईनं पदर सावरून नमस्कार केला आणि माझ्या मुलीला म्हणाली, "त्यांना सांग, धिरडं चांगलं आहे, पण वेलची घालून बघा म्हणावं." मुलीनं सांगितलं, वेलचीची पुडीही खाली नेऊन दिली. आठवड्यानं निरोप आला. करून बघितलं, आवडलं, पण तो क्रापियो नव्हे.

"मग काय आहे?" आईनं विचारलं. पुढच्या रविवारी फोन लावून द्यायचं कबूल केलं आहे, दोघी आपसांत काय ते ठरवतील.